विशारदनंतर कम्युनिटी कॉलेज: संगीत घ्यावे की धर्म, की दोन्ही?

वाचकाचे पत्र

सा. न. मी ४६ वर्षांची आहे. माहेर सांगलीचे, घरात वारीची परंपरा, त्यामुळे हरिपाठ आणि भजन लहानपणापासून कानावर आहे. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालय मंडळाची गायनातली विशारद आणि शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. पदवी पूर्ण केली. पुढे कॅलिफोर्नियात आले. आता ग्रीन कार्ड आहे, बरीच वर्षे फ्रीमॉन्टला राहतो, आणि मुलगी यंदा शिकायला दुसऱ्या गावी गेली. जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या यादीत संगीताचे आणि जगातल्या धर्मांचे वर्ग पाहिले आणि मन तिथेच अडकले. यजमान म्हणतात, शिकायचेच असेल तर हिशेबाचे किंवा संगणकाचे काही शिक. सासूबाई म्हणतात, देवाधर्माचे शिकायला कॉलेज कशाला, ते लोक आपल्याविषयी वाटेल ते सांगतील. मला स्वतःला तीन धास्ती आहेत: विशारद असून पुन्हा पहिल्या पायरीवर बसावे लागेल का, इंग्रजीत निबंध लिहिणे जमेल का, आणि धर्माची चिरफाड ऐकून माझ्या श्रद्धेचे काय होईल. काय करावे आणि कोठून सुरुवात करावी, हे कृपया सांगावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण प्रवेश घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि दोन्ही विषयांसाठी घ्यावा. मात्र हे दोन विषय आपल्याकडून अगदी वेगळ्या गोष्टी मागतात आणि आपल्या पत्रात ते एकाच ओळीत आले आहेत, म्हणून प्रथम ते वेगळे करू. संगीताचा अभ्यासक्रम पायऱ्यांचा आहे. तिथे क्रम चुकला की वर्ष जाते. धर्माचा वर्ग सुटा आहे, तो कोणत्याही सत्रात घेता येतो; पण आपण जे जगत आलो त्याच्याकडे थोडे अंतर ठेवून पाहण्याची सवय तिथे लावून घ्यावी लागते. पहिल्यात आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक नवे आहे आणि दुसऱ्यात आपल्याला वाटते तितके भय नाही.

वयाविषयी फार लिहीत नाही, कारण तो अडथळाच नाही. अमेरिकेतले पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीपर्यंत शिकवणारे स्थानिक कॉलेज, इलिनॉयमधल्या जोलिएट येथे १९०१ साली निघाले. त्याच वर्षी पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू केले, ज्यांच्या परंपरेतली विशारद आपल्याकडे आहे. घराण्याचा किंवा श्रीमंतीचा आधार नसलेल्या माणसालाही शिकता यावे, ही ओढ दोन्हीकडे होती. कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजे आहेत आणि अठरा वर्षांवरील व्यक्तीला तिथे गुणांची अट न घालता प्रवेश मिळतो. आपल्या वर्गात नुकती शाळा संपवलेली मुले असतील, तशी रात्रपाळी करून येणारी परिचारिका आणि सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थही असतील. कोणी आपल्याकडे वळून पाहणार नाही.

पैशाचा हिशेब यजमानांना सांगता यावा म्हणून देतो. राज्यात वर्षाहून अधिक काळ कायम वास्तव्य असलेल्यांना सेमिस्टर (लांब सत्रांच्या) पद्धतीत दर युनिटला, म्हणजे अभ्यासभाराच्या एका मापाला, ४६ डॉलर शुल्क पडते, म्हणजे तीन युनिटांचा वर्ग १३८ डॉलरला होतो. त्यावर किरकोळ शुल्के, पार्किंग आणि पुस्तके. उत्पन्न कमी असेल तर हे शुल्क माफही होते. बाहेरच्या राज्यातल्या किंवा देशातल्या विद्यार्थ्याला याच्या कितीतरी पट द्यावे लागतात, म्हणून अर्ज करताना वास्तव्याचे पुरावे नीट जोडावेत. फ्रीमॉन्टचे ओलोनी कॉलेज सेमिस्टर पद्धतीचे आहे. क्युपर्टिनोचे डी ॲन्झा आणि लॉस आल्टोस हिल्सचे फुटहिल ही क्वार्टर, म्हणजे आखूड सत्रांच्या, पद्धतीची कॉलेजे आहेत. तिथे दर युनिटला ३१ डॉलर पडतात, पण सारा अभ्यास सुमारे बारा आठवड्यांत उरकावा लागतो. इतक्या वर्षांनी पुन्हा वहीपेन हाती धरणाऱ्याने सेमिस्टरचेच कॉलेज निवडावे.

आता संगीताकडे येतो. विशारद असून पुन्हा पहिल्या पायरीवर बसावे लागेल का, तर हो, बसावे लागेल. पण ती पायरी आपल्या जिन्याची नाही. तेथील म्युझिक थिअरी हा युरोपीय स्वरमेळाचा, म्हणजे अनेक स्वर एकाच वेळी वाजवून गती कशी निर्माण होते याचा अभ्यास आहे, आणि आपल्या शिक्षणात तो मुळात नव्हता. तानपुऱ्यावर षड्ज, म्हणजे सा, एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो तोच असतो. सगळे स्वर त्याच्याकडे पाहून आपली जागा ठरवतात. स्वरमेळात स्वर तोच राहून खालची जमीन सरकते. पेटी उघडून हे आजच करून पाहा. सा, ग आणि प एकत्र दाबा. मग सा तसाच धरून त्याच्या खालचे म आणि ध दाबा. मग तोच खालचा ध, सा, ग. तिन्ही वेळा सा वाजतो आहे, पण पहिल्यांदा तो पाया आहे, दुसऱ्यांदा माथ्यावर आहे आणि तिसऱ्यांदा मध्ये आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचा रंग निराळा लागतो. थिअरीच्या पहिल्या वर्षाचा मोठा भाग या एका अनुभवाभोवती फिरतो. युरोपीय संगीतकार बाख यांच्या चर्चमधल्या चौपदरी रचनांवरून चार आवाज एकमेकांच्या पायात न येता कसे चालवायचे हे शिकवतात, आणि दोन आवाज पंचमाच्या अंतराने समांतर सरकले की प्राध्यापक लाल खूण करतात.

आपल्या शिकवणीचा फायदा दुसऱ्या वर्गात मिळेल. थिअरीच्या जोडीने कानाच्या तयारीचा वर्ग असतो: ऐकलेली सुरावट लिहून काढायची आणि लिहिलेली पाहता क्षणी गायची. पुष्कळ ठिकाणी तिथे डो-रे-मी सरकत्या पद्धतीने म्हणतात, म्हणजे कोणतीही पट्टी असली तरी आधारस्वर डो; आपल्या सारेगमसारखेच. ज्या विद्यार्थ्याने कधी पलटे घोटले नाहीत त्याला हा वर्ग रडवतो. आपल्याला त्यात बळ मिळेल. थाटांचाही उपयोग होईल. बिलावल म्हणजे त्यांचे मेजर स्केल, आणि कल्याण, खमाज, काफी, आसावरी, भैरवी हे थाट त्यांच्या जुन्या चर्च मोडशी (जुन्या स्वरसप्तकांशी) स्वरांच्या दृष्टीने जुळतात; मारवा, पूर्वी, तोडी आणि भैरव मात्र त्या कोष्टकात बसत नाहीत. फक्त स्वर जुळले म्हणजे राग जुळला, असे वर्गात कोणी म्हटले तर ते मान्य करू नका. चलन, न्यास आणि पकड (रागाची चाल, थांबण्याचे स्वर आणि ओळखीची सुरावट) यांविषयी दोन वाक्ये सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे घोटाळा होणार नाही: पियानोचा शुद्ध गंधार (ग) आपल्याला चढा वाटेल, कारण समान भागांत विभागलेल्या सप्तकात तो तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर असतो. कान बिघडला असे समजू नये. वर्गात पियानोबरोबर गावे आणि घरी तानपुऱ्याबरोबर.

क्रम असा ठेवावा. पहिल्या सत्रात म्युझिक फंडामेंटल्स हा स्टाफ नोटेशनचा, म्हणजे पाच रेघांवरच्या स्वरलेखनाचा, प्राथमिक वर्ग आणि पुढे जमल्यास समूहात शिकवतात तो पियानोचा वर्ग. पुढच्या शरद सत्रापासून थिअरी. थिअरीचे चार भाग एकापाठोपाठ एक, चार सत्रांचे असतात आणि पहिला भाग पुष्कळ ठिकाणी वर्षातून एकदाच, ऑगस्टमध्ये उघडतो. तो चुकला की बारा महिने थांबावे लागते. विशारदच्या बळावर फंडामेंटल्स टाळता येईल का, असे आपण विचाराल. कॉलेजात अशा सवलतीसाठी अर्ज करण्याची सोय असते आणि काही प्राध्यापक छोटी चाचणीही घेतात. पण आपले सगळे लेखन भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीत झाले असेल, तर ही सवलत मागू नये असे मला वाटते. पाच रेघांवरची चिन्हे अक्षरांसारखी सहज वाचता येईपर्यंत थिअरीतले काही डोक्यात शिरत नाही.

पुढे कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या वर्गातही, जरूर नाव द्या. शेजारचा गायक दुसरेच काही गात असताना आपला स्वर सोडायचा नाही, हे एकट्याने रियाज करून येत नाही. फक्त एक नियम लक्षात असू द्या: कॅलिफोर्नियात २०१३ पासून, उत्तीर्ण झालेला वर्ग आवड म्हणून पुन्हा-पुन्हा घेण्यावर मर्यादा आल्या आहेत, आणि त्याचा फटका गायनवादनाच्या वर्गांना बसतो. वर्षानुवर्षे गात राहायचे असेल तर ज्यांना क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे श्रेय) नसते असे विनाशुल्क वर्ग कॉलेजात आहेत का, ते पाहावे.

धर्माच्या वर्गाविषयी सासूबाईंना जी शंका आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये याच राज्यात शालेय अभ्यासक्रमातल्या हिंदू धर्माच्या मजकुरावरून मोठे वाद झाले. त्यांच्या कानावर त्यातले काही आले असणे शक्य आहे. परंतु सार्वजनिक कॉलेजात धर्म कसा शिकवावा याची चौकट कायद्याने आखलेली आहे. १९६३ साली ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधले बायबलचे सक्तीचे वाचन घटनाबाह्य ठरवले, आणि त्याच निकालात असेही म्हटले की धर्माचा अभ्यास वस्तुनिष्ठपणे, शिक्षणाचा भाग म्हणून केला तर त्याला घटनेची हरकत नाही. म्हणून या वर्गात कोणी आपल्याला ख्रिस्ती करू पाहणार नाही आणि कोणी नास्तिकही करू पाहणार नाही. कॉलेजच्या यादीत हे वर्ग ह्युमॅनिटीज किंवा तत्त्वज्ञान विभागात शोधावेत. धर्म या नावाचा स्वतंत्र विभाग क्वचितच असतो.

या वर्गात वाक्य कसे लिहायचे, हीच खरी शिकवण आहे. एक उदाहरण देतो. आपण सहज लिहाल, ‘माउलींनी पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवले.’ घरात हे वाक्य बरोबर आहे. वर्गात ते असे होईल: ‘ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, अशी कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते, संन्याशाची मुले म्हणून ज्यांना वेदांचा अधिकार नाकारला गेला, त्यांच्याविषयी ती सांगितली जाते हे तिच्या अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.’ दुसऱ्या वाक्यात श्रद्धेचा अपमान कोठेही नाही. उलट कथा कोण सांगते, कोणाविषयी सांगते आणि का सांगते, हे विचारल्यामुळे ती अधिक खोल दिसू लागते. चमत्कार घडला की नाही, यावर निकाल देण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर नाही. ही एवढी गोष्ट मनात पक्की केली की श्रद्धेची धास्ती बरीच कमी होईल, आणि आपल्या धर्माला लावलेली हीच शिस्त इतरांच्या धर्मालाही लावता येईल; येशूचे पुनरुत्थान असो वा पैगंबरांना झालेला साक्षात्कार.

निराशा होईल ती दुसऱ्याच कारणाने. अशा वर्गात हिंदू धर्माच्या वाट्याला दोन-तीन आठवडे येतात, आणि ते वेद, उपनिषदे आणि गीतेतच संपतात. विठ्ठल, तुकाराम, मुक्ताबाई, जनाबाई यांचे नावही निघणार नाही, असे धरून चाला. प्राध्यापक मध्येच आपल्याकडे वळून ‘हिंदू लोक याविषयी काय मानतात?’ असे विचारतील, तेव्हा सगळ्यांच्या वतीने उत्तर देण्याचा मोह टाळावा. ‘सांगलीकडच्या माझ्या वारकरी घरात असे मानतात’ इतकेच म्हणावे. ते खरे असते आणि पाठ्यपुस्तकात नसते.

जातीचा प्रश्नही निघेल, आणि तो निघाला की परदेशात बसलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना तो हल्ला वाटतो. तसे वाटून घेऊ नका. हा प्रश्न कोणी बाहेरून आणलेला नाही. देवळात प्रवेश नसलेल्या चोखोबांनी तो आपल्या अभंगांतून मांडला, त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, आणि विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावे लागले. बौद्ध धर्माच्या आठवड्यात १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचा उल्लेख झाला नाही तर तो आपणच करावा. ज्या घरात चोखोबांचे अभंग गायले जातात, त्या घरातल्या विद्यार्थिनीला या विषयावर मान खाली घालायचे कारण नाही आणि अंगावर धावून जायचेही नाही.

दोन्ही विषय एकत्र कोठे येतात, हे आपण विचारलेले नाही, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. अशा वर्गात बहुधा एक काम दिलेले असते: आपल्या परंपरेबाहेरच्या एखाद्या प्रार्थनास्थळी जायचे आणि काय पाहिले ते चार पाने लिहायचे. आपल्या फ्रीमॉन्टला मोठा गुरुद्वारा आहे. तिथे जा, डोके झाकून खाली बसा आणि रागींचे, म्हणजे तिथल्या गायकांचे, कीर्तन ऐका. गुरु ग्रंथसाहिबाचा बहुतेक भाग ३१ रागांनुसार मांडलेला आहे आणि त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. मराठीत नव्हे, उत्तरेतल्या संतांच्या भाषेत. कोणता राग म्हटला जातो आणि गायला काय जाते, ठेका कोणता, मंडळी कोणत्या ओळीला साथ देतात, हे तुमच्या कानाला दिसेल. शेजारी बसलेल्या विशीतल्या विद्यार्थ्याला ते दिसणार नाही. मग शेवटच्या मोठ्या निबंधासाठी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनाची आणि आपल्या भजनाची तुलना करता येईल. तिथे एकजण ओळ फेकतो आणि सभा ती उचलून परत देते; इथे वीणेकरी चरण म्हणतो आणि टाळकरी ध्रुपदावर तुटून पडतात. सारखे काय आणि वेगळे काय, हे नेमके लिहिले तर तो निबंध कोणत्याही प्राध्यापकाला आवडेल.

हे केवळ हौशीचे काम नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ख्रिश्चन नोवेत्झके यांनी नामदेवांच्या स्मृतीवर आणि कीर्तनावर संशोधन केले आहे, ॲना शुल्ट्झ यांनी मराठी कीर्तन आणि राष्ट्रवाद यांच्या संबंधाचा अभ्यास केला, आणि एलिनॉर झेलिएट यांनी बाबासाहेब आणि चोखोबा यांच्यावर आयुष्य वेचले. या मंडळींना मराठी कष्टाने शिकावी लागली. आपल्याकडे ती घरचीच आहे. जे नाही ते शिस्तबद्ध लेखन आहे, आणि ते हे कॉलेज १३८ डॉलरला शिकवते.

इंग्रजी निबंधाची चिंता म्हणूनच अस्थानी आहे. कॉलेजात लेखनासाठी मदत करणारे केंद्र असते, तिथे मसुदा घेऊन जाता येते, आणि प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात. त्यांचा उपयोग फार थोडे विद्यार्थी करतात. मसुदा आठवडाभर आधी लिहून घेऊन जावा. उसनी वाक्ये मात्र कधीही अवतरणाशिवाय घालू नयेत. आपल्याकडे गाइडमधून उतरवणे चालून जात असे, तिथे त्यावरून नापास करतात. वर्ग घरबसल्या ऑनलाइनही मिळेल, पण पहिल्यांदा प्रत्यक्ष वर्गच घ्या. नुसते ऐकायला बसण्याची सोय काही कॉलेजांत असते, तीही घेऊ नका. निबंध तपासून कोणी परत दिला नाही, तर या वर्गाचा अर्धा लाभ गेला. गुणांची भीती वाटत असेल तर केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल मागता येतो.

उपयोगाचा प्रश्न यजमानांनी विचारला आहे, त्यांना सरळ उत्तर द्यावे: या वर्गांनी लगेच नोकरी मिळणार नाही. संगीताची दोन वर्षांची पदवी पूर्ण करून राज्य विद्यापीठात जाण्याचा रस्ता आहे, पण आपल्याकडे बी.कॉम. असल्यामुळे दुसरी पदवी घेण्याच्या संधी मर्यादित आहेत आणि आपल्याला तिची गरजही नाही. पुढे मन रमले तर धर्माच्या अभ्यासात एम.ए. करता येते, बर्कलेला त्यासाठी ग्रॅज्युएट थिऑलॉजिकल युनियन आहे. रुग्णालयातल्या रुग्णांना धीर देणाऱ्या चॅप्लेनच्या कामासाठीही बहुधा पदव्युत्तर शिक्षण आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते. या सगळ्यासाठी भारतातल्या गुणपत्रिकांचे मूल्यांकन करून घ्यावे लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाकडून प्रती मागवायला आत्ताच सांगा. घरात मुलांना गाणे शिकवायचा विचार असेल, तर स्टाफ नोटेशन येणारी विशारद शिक्षिका तेथील पालकांना नक्कीच हवी आहे. पण पहिल्या सत्रात यांपैकी कशाचाच हिशेब मांडू नये.

सुरुवात दोनच वर्गांनी करा: म्युझिक फंडामेंटल्स आणि वर्ल्ड रिलिजन्स. तीन युनिटांच्या वर्गाला वर्गातला वेळ आणि घरचा अभ्यास मिळून आठवड्याचे नऊ तास धरतात, म्हणजे दोन वर्गांचे अठरा. रियाज आणि घर सांभाळून याहून अधिक झेपणार नाही. ऑनलाइन अर्ज करा, काउन्सेलरची वेळ घ्या आणि त्यांना संगीताचा चार सत्रांचा क्रम लिहून मागा. नव्या विद्यार्थ्यांना नोंदणीची पाळी शेवटी येते, त्यामुळे वर्ग भरलेला दिसला तर प्रतीक्षा यादीत नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा; पहिल्या आठवड्यात हमखास काही जागा सुटतात आणि समोर बसलेल्या माणसाला प्राध्यापक प्रवेशाचा क्रमांक देतात. वर्ग झेपत नाही असे वाटले तर ठरलेल्या तारखेच्या आत नाव काढून घ्यावे, म्हणजे गुणपत्रिकेवर काहीही उमटत नाही. ही तारीख सत्राच्या सुरुवातीलाच येऊन जाते, म्हणून अर्ज भरतानाच ती दिनदर्शिकेत टिपून ठेवा.